मुलाच्या हातात चित्रांचा तक्ता किंवा टॅब देण्याआधी घरच्यांना कसं तयार करायचं

थेरपिस्टनी सांगितलं की चित्रांचा तक्ता सुरू करा किंवा टॅबवर बोलणारं ॲप टाका, की घरी पहिला प्रश्न कुठलं ॲप हा नसतोच, पहिला प्रश्न असतो म्हणजे आता हा बोलणारच नाही का? त्याचं उत्तर न देता टॅब आणला ना, की थोड्या दिवसांत तो कपाटात जातो आणि मग सगळे म्हणतात बघा, आपल्या मुलाला नाही जमत. मुलाला जमायचा प्रश्न फार नंतर येतो हो. आधी घरातल्या मोठ्यांना पटावं लागतं की बोट दाखवणं हे पण बोलणंच आहे. माझ्या लेकीला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हात, पाय, तोंड ह्यांच्या हालचालींवर ताबा कमी असतो, तिला कळतं सगळं पण तोंडातून शब्द मोजकेच आणि तेही घरच्यांनाच समजणारे, त्यामुळे थेरपी सेंटरबाहेरच्या बाकड्यावर बसून इतर आयाबापांशी ह्या विषयावर जेवढं बोलणं झालंय तेवढं डॉक्टरांशी पण नाही झालं. त्यातून जे हाती लागलं ते लिहितेय, ज्यांच्याकडे आता सुरुवात होतेय त्यांच्यासाठी.

थेरपिस्ट लोक ह्या सगळ्याला एएसी म्हणतात. बोलण्याला जोड म्हणून किंवा बोलण्याच्या जागी वापरायचं कुठलंही साधन, मग ती लॅमिनेट केलेली कार्डं असोत, हाताच्या खुणा असोत, पुठ्ठ्यावरचा तक्ता असो नाहीतर आवाज काढणारा टॅब. ऑटिझम, सीपी, डाउन सिंड्रोम, अप्रॅक्सिया (म्हणजे काय बोलायचं ते माहीत असतं पण त्यासाठी तोंड कसं हलवायचं ते मेंदूला जमवता येत नाही), कारण काहीही असू दे.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या, बेरा टेस्ट. आवाज दिला की वळतो ना, मग कान ठीक आहेत, असं म्हणून टाळू नका, काही मुलांना भांडं पडलेलं ऐकू येतं पण शब्द नीट पोचत नाहीत. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात डीईआयसी असतं, म्हणजे लहान मुलांच्या तपासणीचं आणि थेरपीचं केंद्र, तिथे चौकशी करा, आणि मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहेच, १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करतेय. आणि जिभेला वेखंड चोळणं, जिभेखालची तार कापली की बोलेल असं कुणी सांगितलं म्हणून धावत जाणं, ह्यात वेळ घालवू नका. तार आखूड असेल तर खाताना किंवा काही उच्चारांत त्रास होऊ शकतो, पण त्यामुळे मूल शब्दच काढत नाही असं होत नाही.

घरच्यांच्या शंका, आणि त्यांना काय सांगायचं

"सवय लागली की तोंड उघडणारच नाही." ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते आणि ती चुकीची असली तरी वेडेपणाची नाहीये, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. ह्यावर नीट काम झालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत मिलर, लाइट आणि श्लोसर ह्या तिघांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात ज्यांच्याबद्दल भक्कम पुरावा होता अशी २७ उदाहरणं निघाली, त्यातल्या एकाचंही बोलणं ह्या साधनांमुळे कमी झालं नव्हतं, ११ टक्के होते तसेच राहिले आणि ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं. आता २७ हा काही फार मोठा आकडा नाही आणि बऱ्याच जणांत वाढ थोडीच होती, हे पण घरी सांगा, नाहीतर उद्या सासूबाई विचारतील की टॅब आणला मग अजून बोलत का नाही. पण बंद पडतं ह्याला आधार नाही हे नक्की. साधा विचार करा ना, ज्याला "पाणी" म्हणता येतं तो टॅब उघडून, पान शोधून, बटण दाबून पाणी मागायच्या भानगडीत कशाला पडेल? तोंडाने जमलं तर मूल तोंडानेच सांगतं कारण ते पटकन होतं.

"अजून लहान आहे, त्याचा बाबा पण उशिरा बोलला होता." असेल हो. पण थांबून मिळतं काय? चार वर्षांचं मूल पोट दुखतंय हे सांगू शकत नाही म्हणून डोकं आपटतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. ह्या साधनांना कमीत कमी वय नाही, आधी नीट बसायला शिकू दे, आधी चित्रं ओळखू दे, आधी नजर देऊ दे अशी अट पण नाही. आणि पुढे बोलायला लागलाच तर तक्ता गुंडाळून ठेवायचा, नुकसान कुणाचं झालं?

"मला त्याचं सगळं कळतं, तक्ता कशाला?" हे वडील फारसे म्हणत नाहीत, आया म्हणतात, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड शंका हीच आहे कारण ती खरी असते. आईला कळतंच. नजर फ्रिजकडे गेली की दही, पाय आपटले की शू, मान वळवली की बास. पण ह्यात कळतं ते फक्त समोर असलेलं आणि आत्ताचं. शाळेत कुणी ढकललं, काल मामाकडे काय खाल्लं, आजोबा कुठे गेले आणि परत का येत नाहीत, हे नजरेने कसं सांगणार? दुसरं म्हणजे, आई तापाने झोपली तर त्या दिवशी त्या मुलाशी बोलणार कोण? एक करून बघा, एका कागदावर लिहा की मुलाचं म्हणणं कुणाकुणाला कळतं. बहुतेक घरात दोन नावं येतात, फार तर तीन. रिक्षावाले काका, शाळेतल्या बाई, शेजारची मुलं, आत्या, कुणीच नाही. त्या यादीबद्दल मग घरी बोला, वाद न घालता. आणि अजून एक, अंगावर कुणी हात टाकला तर ते सांगायला मुलाकडे शब्द पाहिजेत, ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही पण माझ्या मते तक्ता करायला हे एकच कारण पुरेसं आहे.

"मोबाईलचं व्यसन लागेल." ह्यात तथ्य आहे, आणि ह्याला उपाय पण आहे. बोलायचा टॅब वेगळा ठेवा, त्यावर यूट्यूब नाही, गेम नाही, कार्टून नाही. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची सोय असते, आयपॅडमध्ये गाइडेड ॲक्सेस असतं, ते चालू केलं की मूल ॲपच्या बाहेर सहज जाऊ शकत नाही. जुना टॅब असेल तर उत्तम. मात्र एकदा तो बोलायचा टॅब ठरला की मग शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही, जेवताना नाही, पाहुणे आले म्हणून नाही, रागवलात म्हणून तर अजिबातच नाही. बोलणाऱ्या मुलाचं तोंड आपण पट्टी लावून बंद करतो का?

"लोक काय म्हणतील." काही म्हणणार नाहीत, बघतील. लग्नात टॅब काढला की चार माना वळतात, मग मुलगी बटण दाबून "मला गुलाबजाम दे" म्हणते आणि वाढपी हसून दोन वाढतो, एवढंच होतं.

एक शंका मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही. टॅबचा तो यंत्राचा आवाज ऐकला की काही आयांना रडू येतं, कारण ज्या आवाजाची वाट बघतोय त्याच्या जागी हा दुसराच आला असं वाटतं. ह्याला माझ्याकडे युक्ती वगैरे काही नाही. रडून घ्या, आणि नवऱ्याला सांगा की का रडतेय.

कुठलं साधन घ्यायचं

बाबा लोक इथे एकदम जागे होतात आणि सगळ्यात महाग डिव्हाइस शोधायला लागतात. थांबवा त्यांना. आधी मुलाचे हात, डोळे आणि स्वभाव बघा, बाजार नंतर. हे थेरपिस्टबरोबर बसूनच ठरवायचं, पण तुम्हाला पर्याय माहीत असले तर प्रश्न तरी विचारता येतात.

मूल कुणाकडे जातच नाही, हवं ते स्वतः ओढून घेतं नाहीतर रडतं, असं ऑटिझममध्ये बऱ्याचदा दिसतं. त्यांच्यासाठी पेक्स नावाची पद्धत आहे, अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट ह्यांनी १९८५ मध्ये बसवलेली. त्यात मूल कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि त्या बदल्यात वस्तू मिळते, म्हणजे आधी "माणसाकडे जायचं" हे शिकतं. सुरुवातीला दोन माणसं लागतात, एक समोर कार्ड घेणारं आणि एक मागून मुलाचा हात न बोलता पुढे करणारं, आणि ते शिकून मगच करा, व्हिडिओ बघून अर्धवट नको.

बोट ठेवता येत असेल तर तक्ता. बोट नेमकं पडत नसेल तर चित्रं मोठी आणि मधे जागा जास्त, किंवा टॅबवर भोकं असलेली जाळी मिळते तिला कीगार्ड म्हणतात, ती लावली की चुकीचं बटण कमी दाबलं जातं. हातच चालत नसतील तर डोळे आहेत, पारदर्शक प्लास्टिकच्या शीटच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं चिकटवा, तुम्ही पलीकडून बघा, मूल कुठल्या कोपऱ्याकडे बघतंय ते दिसतं. फोटोफ्रेमच्या दुकानात ॲक्रिलिकचा तुकडा मिळतो, कडा घासून घ्या फक्त.

ॲपमध्ये आपल्या मराठी घरांसाठी सुरुवात करायला जेलो बरं आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं, फुकट आहे आणि मराठीत बोलतं. त्यात आवडतं, नावडतं, हो, नाही, अजून, कमी अशी बटणं कडेला कायम असतात, मधे खाणं, माणसं, जागा, मजा असे गट. दुसरं "आवाज" नावाचं ॲप, ते चेन्नईचं, विकत घ्यावं लागतं पण शब्दसाठा मोठा आहे आणि वाक्यं जोडता येतात, मात्र पैसे भरायच्या आधी ट्रायलवर मराठी आवाज कसा वाटतो ते मुलाला ऐकवून बघा, त्याला आवडला नाही तर तो वापरणार नाही. इंग्लिश मीडियममध्ये घातलंय म्हणून टॅब पण इंग्लिशच, असं करू नका, घरात जी भाषा बोलता तीच पहिली.

आणि काहीही घेतलंत तरी कागदी तक्ता हवाच. चार्जिंग संपतं, पावसाळ्यात आमच्याकडे तासन्‌तास लाइट नसते, टॅब पडतो, बसमध्ये काढता येत नाही. कागदावर तेच शब्द त्याच जागी छापून लॅमिनेट करा, एक दप्तरात, एक स्वयंपाकघरात, एक बाथरूमच्या दारावर, एक गाडीत.

तक्त्यावर काय लिहायचं

इथे बहुतेक घरांत एकच गोष्ट होते, तक्त्यावर सगळं खाणं आणि सगळी नामं. सफरचंद, केळं, बॉल, गाय. आता तुम्ही सांगा, दिवसभरात तुम्ही किती वेळा "गाय" म्हणता? तुम्ही म्हणता दे, चल, थांब, नको, अजून, झालं, बघ, कुठे, माझं, उघड, परत. हे शब्द कुठल्याही प्रसंगात चालतात म्हणून ते तक्त्यावर कायम आणि ठळक पाहिजेत, खाण्याचं पान वेगळं करा. पहिला शब्द निवडायचा असेल तर माझं मत "नको" ला. मुलाला "नको" म्हणता आलं आणि ते आपण ऐकलं की चावणं, ओरडणं, फेकणं ह्यातलं बरंच कमी होऊ शकतं कारण आता त्याच्याकडे दुसरा रस्ता असतो.

चित्रं तयार मिळतात त्यात पिझ्झा असतो आणि वरणभात नसतो. तुमच्या घरचे फोटो काढा, तुमचीच पोळी, तुमचाच पोह्यांचा बाउल, आजीचा फोटो, आत्याचा, दारातल्या मांजराचा. तुमच्या घरात भाकरी असेल तर भाकरीच, शाळेतल्या पुस्तकातलं चपाती नको. मुलगी असेल तर "मी जाते", मुलगा असेल तर "मी जातो", हे लिहितानाच बघा, टॅब दुकानातून येतो तसा ठेवला तर पोरगी सगळीकडे मुलासारखी बोलत राहते आणि भावंडं हसतात.

दुखतंय हे पान वेगळं हवं, त्यात शरीराचं चित्र, कुठे दुखतं, कसं दुखतं, उलटी होईल असं वाटतंय, खाज येते, शू, शी, आणि शरीराच्या खाजगी भागांची नावं सुद्धा. चिडलेय, घाबरलेय, कंटाळा आला, तू चूक आहेस, मला एकटीला राहू दे, हे पण घाला. आणि थोडा चावटपणा घाला हो, "बावळट", "ईईई", "कोण पादलं?", काही मुलांचं खरं बोलणं ह्याच बटणापासून सुरू होतं. आजोबांना आवडणार नाही, चालेल.

एकदा शब्दांच्या जागा ठरल्या की हलवू नका. नवीन शब्द रिकाम्या चौकोनात घाला, जुना तिथेच ठेवा, कारण थोड्या दिवसांनी मूल चित्र न बघता हाताच्या सवयीने बोट नेतं आणि तुम्ही सुंदर दिसावं म्हणून मांडणी बदललीत की ती सगळी मेहनत पाण्यात.

रोज कसं वापरायचं

पहिले काही आठवडे मुलाकडून कशाचीच अपेक्षा ठेवू नका, तक्ता तुम्ही वापरा. "चल" म्हणताना "चल" वर बोट, "दूध झालं" म्हणताना "झालं" वर बोट. सगळे शब्द दाखवत बसायची गरज नाही, वाक्यातला एखादा मुख्य शब्द पुरतो. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो आणि मग ते एक शब्द काढतं, ह्या मुलाने तक्त्यावर बोलणारं माणूस आजवर बघितलेलंच नाही तर ते कसं बोलेल? थेरपिस्टकडे आठवड्यातून एक तास, उरलेला सगळा वेळ घरी, म्हणून हे घरातच व्हायला हवं.

परीक्षा घेऊ नका. "केळं कुठंय दाखव, शाब्बास, आता सफरचंद दाखव," ह्याला बोलणं म्हणत नाहीत, आणि मूल दोन दिवसांत तक्ता ढकलून देतं. त्याऐवजी बोलण्यासारखी परिस्थिती करा, डबा घट्ट बंद करून समोर ठेवा आणि "उघड" वर एकदा बोट ठेवून गप्प बसा. गप्प बसणं जमत नाही आपल्याला, खरंच. मनात दहा आकडे मोजा, सीपीच्या मुलाला त्याहून जास्त वेळ द्या, कारण त्याला ठरवायला नाही, हात तिथवर न्यायला वेळ लागतो. तो वेळ न देता आपण डबा उघडून टाकतो.

"नको" म्हटलं तर शक्य तिथे ऐका. औषध, आंघोळ, इंजेक्शन अशा ठिकाणी ऐकता येत नाही, मग तसं बोलून दाखवा, "नको म्हणालीस, कळलं मला, पण औषध घ्यायचंच आहे, घेतलं की झालं," आणि "झालं" वर बोट. दिवसभर तेच एक बटण दाबत बसला तरी रागावू नका, बोबडं बाळ तेच करतं.

एक इशारा. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेणारे, आणि मग अचानक मूल मोठमोठी वाक्यं लिहायला लागलं असं दाखवणारे भेटतात. त्यात लिहितो तो हात धरणारा, मूल नाही, हे तपासण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. आशेपोटी पैसे जातात तिथे, सांभाळा.

बाकीच्यांना कसं ओढायचं

व्याख्यान देऊन कुणाला पटत नाही. प्रत्येकाला एक शब्द आणि एक प्रसंग द्या. आजीकडे देवपूजेची घंटा आणि "अजून", बाबाकडे गाडी आणि "चल" "थांब", भावाकडे गुदगुल्या आणि "परत". नातवाने स्वतःहून आजीच्या फोटोवर बोट ठेवलं ना की त्यानंतर टॅब चार्ज झाला का हे आजीच विचारते. बाबांना ॲपमधले फोटो बदलायचं काम द्या, त्यांना सेटिंगमध्ये खेळायला आवडतंच.

शाळा जास्त डोकं खाते. टॅब आणायचा नाही असा नियम आहे म्हणतात. तोंडी वाद न घालता लेखी अर्ज द्या आणि त्यात दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा उल्लेख करा, त्याच्या १७ व्या कलमात बोलण्याची अडचण असणाऱ्यांच्या शिक्षणासाठी बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनांच्या वापराला प्रोत्साहन द्यायचं असं लिहिलंय. सोबत थेरपिस्टचं पत्र आणि टॅबवर दुसरं काही चालत नाही हे दाखवायला दोन मिनिटं मागा. बाईंना फक्त एक सांगा, प्रश्न विचारल्यावर थांबा, आणि हजेरीला तिला "हजर" तिच्या बटणाने म्हणू द्या.

पैशाचं म्हणाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, सगळीकडे तेच मागतात. ऑटिझम, सीपी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो पण ठराविक मर्यादेत, म्हणून पावत्या तारखेसकट जपून ठेवा.

आणि अधूनमधून घरातला छोटा व्हिडिओ काढा, जेवतानाचा, खेळतानाचा, त्यात मुलापेक्षा तुम्ही जास्त दिसला पाहिजेत, आणि तो थेरपिस्टला दाखवा. तुम्ही किती पटकन मधे बोलता, तक्ता हाताशी असतो की टीव्हीच्या मागे, कुठला शब्द रोज लागतो पण चौकोनात नाहीये, हे त्यांना त्यात दिसतं आणि पुढचे शब्द त्यावरून ठरवता येतात.